चाळण आणि शिकवण

न्यूयॉर्क विद्यापीठाने 2022 साली, नवे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, सेंद्रिय रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांचा करार संपुष्टात आणला. मेटलंड जोन्स हे त्यांचे नाव. वय 84. प्रिन्स्टन विद्यापीठात चार दशके अध्यापन करून ते निवृत्त झाले आणि त्यानंतर वर्षावर्षाच्या करारावर न्यूयॉर्कला शिकवीत राहिले. त्यांनी लिहिलेले या विषयाचे जाडजूड पाठ्यपुस्तक अनेक आवृत्त्यांतून गेले आहे. त्यांच्या वर्गात त्या वसंतसत्रात सुमारे 350 विद्यार्थी होते. त्यांपैकी 82 जणांनी विद्यापीठाकडे एक अर्ज केला. आम्ही जो वेळ आणि जे श्रम या विषयात घातले त्यांचे प्रतिबिंब आमच्या गुणांत पडलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यापीठाने विद्यार्थ्यांना गुणांचा फेरविचार आणि उशिरा विषय सोडण्याची सवलत देऊ केली आणि प्राध्यापकांना निरोप दिला. वृत्तपत्रांतून हे प्रकरण गाजले, विभागातील सहकाऱ्यांनी निषेध नोंदविला, आणि अमेरिकेत दोन तट पडले. एकाने म्हटले, मुले नाजूक झाली. दुसऱ्याने म्हटले, मास्तर निष्ठुर झाला.

सातासमुद्रापलीकडच्या एका वर्गातील भांडणाची चर्चा गोमंतकातील वृत्तपत्राने कशासाठी करावी, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, या भांडणात अडकलेले बहुतेक विद्यार्थी डॉक्टर होऊ पाहणारे होते, आणि डॉक्टर कसा निवडावा व कसा घडवावा हा प्रश्न डिचोलीच्या आईबापांना जितका जिव्हाळ्याचा आहे तितकाच तो न्यूयॉर्कच्या आईबापांनाही आहे. दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्याकडे घराघरांत तोच एक विषय असतो. दुसऱ्याच्या अंगणात लागलेली ठेच पाहून आपली पायवाट नीट करता आली तर त्यात शहाणपणच आहे.

तेथील व्यवस्था आपल्याहून वेगळी आहे, ती आधी समजून घेतली पाहिजे. आपला मुलगा बारावी झाला की एका परीक्षेच्या बळावर थेट वैद्यकीय महाविद्यालयात पाऊल टाकतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी घ्यावयाची, आणि ती घेत असतानाच जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र असे विषय प्रयोगशाळेसह पुरे करावयाचे. या तयारीला तेथे ‘प्री-मेड’ म्हणतात. ही पदवी नव्हे. ही एक अटींची माळ आहे. त्यानंतर ‘एमकॅट’ नावाची प्रवेशपरीक्षा, मुलाखती, शिफारसपत्रे. दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक उमेदवार अर्ज करतात आणि बावीस-तेवीस हजारांना जागा मिळते. ज्यांना मिळते त्यांच्या पदवीकाळातील गुणांची सरासरी चारपैकी 3.7 च्या वर असते. याचा अर्थ असा की, एखाद्या विषयात ‘सी’ श्रेणी मिळाली तर विद्यार्थ्याला वाटते की आपली नौका बुडाली. आणि ज्या विषयात ही ‘सी’ हटकून मिळते त्याचे नाव सेंद्रिय रसायन.

या माळेचा इतिहास फार जुना नाही. आपल्या आनंदीबाई जोशी 1883 साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि 1886 च्या मार्चमध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या वाटेत अडचणी डोंगराएवढ्या होत्या, पण पूर्वतयारीच्या चार वर्षांची अट त्यांत नव्हती. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय शाळांना आधीची पदवी लागत नसे, आणि कित्येक शाळा म्हणजे फी घेऊन व्याख्याने देणारी दुकाने होती. 1893 साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉप्किन्स वैद्यकीय शाळा उघडली तेव्हा चित्र पालटू लागले. मेरी गॅरेट या दानशूर बाईंनी देणगी देताना दोन अटी घातल्या होत्या. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश द्यावा, आणि प्रत्येक विद्यार्थी पदवीधर व विज्ञानाचा जाणकार असावा. ही अट इतकी कडक होती की, आपण प्राध्यापक म्हणून येथे शिरलो हे भाग्यच, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतले नसते, अशी थट्टा तेथले विख्यात डॉक्टर ऑस्लर करीत. पुढे 1910 साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडा येथील 155 वैद्यकीय शाळा पाहून आपला प्रसिद्ध अहवाल दिला. अनेक दुकाने बंद झाली आणि विज्ञानाची पूर्वतयारी सक्तीची झाली. रुग्णांवर या अहवालाचे उपकार आहेत. पण त्याच अहवालाच्या धडाक्यात कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी पाच बंद पडाव्यात अशी शिफारस झाली आणि अखेर दोनच तगल्या, हेही विसरता येत नाही. चाळण लावली की कोंडा जातो हे खरे. पण भोके कोणत्या मापाची ठेवावयाची हे ठरविणाऱ्याचा हात चुकला तर दाणेही जातात.

आता या सेंद्रिय रसायनाचे एवढे भय का? इतर विषयांत पाठांतरावर काही मजल मारता येते. येथे ते चालत नाही. कार्बनचे अणू एकमेकांना कसे जोडले जातात, इलेक्ट्रॉन कोठून कोठे सरकतो, एखादी क्रिया अशीच का घडते आणि तशी का घडत नाही, हे डोळ्यांपुढे उभे करावे लागते. कागदावरची सपाट आकृती मनात वळवून तिची तीन अंगे पाहावी लागतात. नियम थोडे आणि त्यांची रूपे अगणित. व्याकरण समजले तर नवे वाक्य बनविता येते. नुसती वाक्ये पाठ केली तर पहिल्याच अनोळखी प्रश्नापाशी घोडे अडते. बारावीपर्यंत पाठांतरावर पहिला आलेला मुलगा येथे प्रथमच अडखळतो. त्याला शंभरात तीस गुण पडतात आणि आपल्या बुद्धीवरचा त्याचा विश्वासच ढळतो.

हे ज्ञान डॉक्टरला हवे कशाला, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी करतात. रुग्णाच्या उशाशी बसून कोणी बेंझीनची आकृती काढीत नाही, हे खरेच. पण एक उदाहरण पाहावे. एकाच रेणूची दोन रूपे असू शकतात, उजव्या आणि डाव्या पायाच्या वहाणांसारखी. दिसावयास सारखी, पण एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही. 1957 साली जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड हे औषध अशा दोन रूपांचे मिश्रण होते. गरोदर स्त्रियांनी ते ओकाऱ्यांवर घेतले आणि जगभर दहा हजारांच्या वर बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. अपायकारक रूप वेगळे काढून टाकले असते तर अनर्थ टळला असता, असे अर्धवट ज्ञान असलेला मनुष्य म्हणेल. पण शरीरात गेल्यावर एक रूप दुसऱ्यात पालटते, हे रसायन नीट शिकलेल्यालाच कळते. अमेरिकेत हे औषध विक्रीस आले नाही याचे श्रेय फ्रान्सेस केल्सी या बाईंकडे जाते. 1960 साली त्या सरकारी औषध खात्यात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. औषधशास्त्र आणि वैद्यक या दोहोंत त्यांचे शिक्षण झाले होते, आणि मलेरियावरील औषधे गर्भापर्यंत कशी पोहोचतात हे त्यांनी पूर्वी प्रयोगशाळेत पाहिले होते. कंपनी पुन्हा पुन्हा तगादा लावीत होती आणि या बाई पुन्हा पुन्हा पुरावा मागत होत्या. विषय ‘निरुपयोगी’ म्हणून त्यांनी सोडून दिला असता तर किती घरांत दुःख शिरले असते याची कल्पनाच केलेली बरी. आम्हांस म्हणून असे वाटते की, वैद्यकाच्या वाटेवरून विज्ञानाचा चढ काढून टाकावा असे म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजू तितक्याच प्रांजळपणे मांडली पाहिजे. विषय आवश्यक असणे वेगळे आणि तो माणसे गाळण्याचे यंत्र म्हणून वापरणे वेगळे. लुइस टॉमस हे अमेरिकेतील मोठे वैद्यक आणि लेखक. त्यांनी 1978 साली या प्री-मेड पद्धतीवर कठोर टीका केली. गुणांच्या शर्यतीने कॉलेजातील वातावरण नासते, विद्यार्थी आपल्या सोबत्याला प्रतिस्पर्धी समजतो आणि विज्ञानाला शिडी समजतो, असा त्यांचा सूर होता. ग्रीक, लॅटिन, इतिहास, साहित्य वाचलेला तरुण त्यांना अधिक पसंत होता. हे वैतागलेल्या विद्वानाचे अतिशयोक्त बोल म्हणून सोडून देता आले असते. पण 1987 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय शाळेने हा प्रयोग प्रत्यक्ष केला. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करणाऱ्या काही निवडक विद्यार्थ्यांना तिने एमकॅट, भौतिकशास्त्र आणि सेंद्रिय रसायनाच्या नेहमीच्या अटींविना प्रवेश दिला आणि उन्हाळ्यात या विषयांचा संक्षिप्त पाठ करून घेतला. 2010 साली त्यांच्या कामगिरीची इतरांशी तुलना प्रसिद्ध झाली. वैद्यकीय शिक्षणातील त्यांचे एकंदर यश इतरांच्या तोडीचे ठरले. याचा अर्थ रसायन नको असा आम्ही करीत नाही. निवडलेली मुले मुळात तल्लख होती आणि रसायन त्यांना अगदी चुकलेही नाही. अर्थ एवढाच की, एकोणिसाव्या वर्षी एका विषयात पडलेला ‘सी’ हा पुढील डॉक्टराचे भविष्य सांगणारा ज्योतिषी नव्हे.

शर्यतीचे विष कोठून येते तेही पाहिले पाहिजे. तेथील अनेक महाविद्यालयांत गुण ‘कर्व्ह’वर दिले जातात. म्हणजे तू किती शिकलास यापेक्षा इतरांच्या मानाने तू कोठे आहेस हे महत्त्वाचे. वर्गात कितीही मुलांना विषय समजला तरी ‘ए’ ठराविक जणांनाच. अशा ठिकाणी शेजाऱ्याला एखादी शंका समजावून देणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय. रुग्णालयात ज्याला परिचारिका, तंत्रज्ञ, सहकारी डॉक्टर यांच्या खांद्याला खांदा लावून काम करावयाचे आहे, त्याचा पहिला संस्कार असा व्हावा, याहून उफराटा न्याय कोणता? उलट बाजूने सर्वांना सढळ हाताने गुण वाटले तर गुणांची किंमतच उरत नाही. प्रिन्स्टनने 2004 साली ‘ए’ श्रेणीची शेकडा 35 ही मर्यादा घालून पाहिली. दहा वर्षांनी, 2014 साली, ती मागे घ्यावी लागली. गुणांची ओढाताण अशी की, सोडले तर पळते आणि धरले तर चावते.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कच्या प्रकरणाचा निवाडा करावयाचा आहे. प्राध्यापकांची बाजू लहान नाही. प्रिन्स्टनला असताना केवळ घोकंपट्टी करविण्याऐवजी प्रश्न सोडवून शिकविण्याकडे त्यांनी हा विषय वळविला होता. विद्यार्थ्यांचे लक्ष उडत चालल्याचे त्यांना दहा वर्षांपासून जाणवत होते. कोविडच्या टाळेबंदीनंतर तर मुले प्रश्नच नीट वाचीनाशी झाली, काहींना एक आकडी गुण, काहींना शून्य मिळाले, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी प्रश्नपत्रिका सोप्या केल्या. पदरमोड करून व्याख्यानांच्या चित्रफिती तयार करविल्या. इतके करूनही मुले सावरली नाहीत. विद्यार्थ्यांची बाजूही खोटी म्हणता येत नाही. सत्रातल्या परीक्षा तीनाच्या दोन केल्याने एकदा घसरलेला गुण सावरण्याची संधी कमी झाली, आजारी मुलांना दुरून व्याख्यान ऐकण्याची सोय बंद झाली, बोलण्यात अवहेलनेचा सूर होता, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. विद्यापीठानेही सांगितले की, हा विषय मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते आणि विद्यार्थ्यांचा अभिप्राय फार प्रतिकूल होता. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. त्या 82 विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना काढून टाका, अशी मागणी केलेलीच नव्हती. निर्णय ऐकून त्यांतील काहींना आश्चर्यच वाटले.

मग चूक कोणाची? आमच्या मते सर्वांत मोठी चूक विद्यापीठाची आहे. त्या काळी शेकडा बारा-तेरा अर्जदारांनाच प्रवेश देणारी, भरमसाट फी घेणारी ही संस्था. तिच्याकडे 82 मुलांनी सांगितले की आम्हांस हा विषय समजत नाही. शिक्षणसंस्थेने अशा वेळी विचारावयाचे प्रश्न ठरलेले आहेत. ही मुले कोणत्या पायावर उभी आहेत? कोविडच्या दोन वर्षांत त्यांचे काय बुडाले? साडेतीनशेंच्या वर्गात किती शिकविता येते? या प्रश्नांना हात न घालता गुण चाचपून पाहिले गेले आणि मास्तर बदलला गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार झाला. विद्यार्थी हा गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक नाराज होता कामा नये, ही दुकानदारीची नीती विद्यादानात शिरली की असेच होते. त्यातून प्राध्यापक वर्षाच्या करारावरचे असतील तर त्यांचा बळी देणे सर्वांत स्वस्त. जोन्स यांना उतारवयात नोकरीची विवंचना नव्हती. पण असे करारावरचे तरुण अध्यापक आज सर्व देशांत हजारोंनी आहेत. पुढच्या वर्षी आपली भाकरी टिकावी म्हणून त्यांतील किती जण यापुढे प्रश्नपत्रिका सोपी काढतील? त्या सोप्या प्रश्नपत्रिकेची किंमत पंधरा वर्षांनी कोणता रुग्ण मोजील?

विषय कठीण ठेवावयाचा की विद्यार्थी जगवावयाचा, असा पेच जो उभा केला जातो तो मुळातच खोटा आहे. अमेरिकेनेच तो खोटा असल्याचे दाखविले आहे. 1970 च्या दशकात बर्कली विद्यापीठात यूरी ट्राइझमन या तरुण गणितज्ञाने एक शोध घेतला. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात. बुद्धी, गरिबी, घरची अनास्था अशी कारणे सर्वजण गृहीत धरून चालले होते. ट्राइझमन मुलांच्या खोल्यांपर्यंत गेले तेव्हा वेगळेच दिसले. नापास होणारी मुले कष्टाळू होती, पण एकएकटी अभ्यास करीत. चिनी मुले आधी स्वतः गणिते सोडवीत आणि मग एकत्र बसून एकमेकांची तपासत. कोठे अडले की तत्काळ कळे. त्यांनी मग कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत ‘कच्च्या मुलांसाठी’ सोपी गणिते नव्हती. वर्गात देत त्याहून अवघड गणिते तेथे गटागटाने सोडवावयाची होती. निकाल पालटला.

दुसरे उदाहरण न्यू ऑर्लिन्सच्या झेवियर विद्यापीठाचे. झेवियर हे नाव गोमंतकीयांना परके नाही. हे छोटे विद्यापीठ मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे. त्यांतील अनेकांच्या शाळा दुबळ्या, घरात पूर्वी कोणी कॉलेज पाहिलेले नाही. जे. डब्ल्यू. कारमायकल या रसायनाच्या प्राध्यापकांनी 1970 च्या दशकापासून येथे एक घडी बसविली. एकाच विषयाचे सर्व शिक्षक एकच आखणी पाळतात. छोट्या चाचण्या वरचेवर होतात. मुले पहिल्या दिवसापासून गटात अभ्यास करतात. जो घसरला त्याला सत्र संपण्याची वाट न पाहता बोलावून घेतले जाते. रसायन तेच, पुस्तके तीच, एमकॅट तीच. आणि एवढेसे हे विद्यापीठ, देशातील धनाढ्य विद्यापीठांना मागे टाकून, वैद्यकीय शाळांत सर्वाधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी धाडणारी संस्था म्हणून नावारूपाला आले. मॅसेच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यापीठात, एमआयटीत, विषयांची काठिण्यपातळी कमी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पण पहिल्या सत्रात जो विषय सुटला नाही त्याची नोंद गुणपत्रिकेवर उमटत नाही. चढ तोच, पण पहिल्या ठेचेचा डाग जन्मभर बाळगावा लागत नाही. 2014 साली 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गात विज्ञान-गणितात नापास होण्याचा संभव, प्रश्न सोडवीत शिकणाऱ्या वर्गाच्या दीडपट असतो, असे त्यात दिसून आले. एवढे ज्ञान हाताशी असता साडेतीनशे मुलांना एका सभागृहात बसवून, जो तरेल तो तरेल, असे म्हणणे हा काठिण्याचा आग्रह नव्हे. तो आळस आहे.

आता थोडे आपल्याकडे वळू. आमची चाळण आणखी अलीकडे, महाविद्यालयाच्या दारातच लावलेली आहे. नीट परीक्षेत 180 प्रश्न, 720 गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. 2024 साली 23 लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. त्या वर्षी आधी 67 जणांना पैकीच्या पैकी गुण जाहीर झाले, प्रश्नपत्रिका फुटल्याचे निघाले, न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि अखेर सुधारलेल्या यादीत 67 चे 17 झाले. त्याच्या आदल्या वर्षी, 2023 च्या सप्टेंबरात, पदव्युत्तर जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेची पर्सेंटाइल रेषा थेट शून्यावर आणली गेली. न्यूयॉर्कने एका वर्गात जे केले ते आम्ही एका परिपत्रकाने देशभर केले. खालच्या दारात केसाच्या अंतराने मुले परत पाठवावयाची आणि वरच्या दारात उंबरठाच काढून टाकावयाचा, यात कोणते तत्त्व आहे ते कोणी समजावून द्यावे.

या दाराशी पोहोचण्यासाठी आमची मुले काय गमावतात? उच्च माध्यमिक विद्यालयातील प्रयोगशाळा नावापुरती उरली आहे, कारण प्रयोगाला नीटमध्ये गुण नाहीत. ‘का’ हा प्रश्न विचारावयास वेळ नाही, कारण चार पर्यायांतील एक निवडावयाचा आहे. मडगाव-म्हापशाच्या शिकवणी वर्गांची फी भरू शकणारा पुढे जातो. पेडणे, सत्तरी, सांगे येथील मुलगा मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळेतून येतो, पाचवीपासून इंग्रजीशी झुंजतो, आणि शिकवणीला शहरात जावयाचे तर शेवटची बस गाठण्याची काळजी करतो. त्यातूनही तो बांबोळीला पोहोचलाच तर पहिल्या वर्षी शरीरशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र त्याच्यापुढे एकदम उभी राहतात. तेथे पर्याय दिलेले नसतात, उत्तर स्वतः मांडावे लागते. जे भय न्यूयॉर्कच्या मुलाला सेंद्रिय रसायनाचे, तेच याला या विषयांचे. आणि तोही एकटाच, वसतिगृहाच्या खोलीत दार लावून, ‘मला जमत नाही’ हे कोणाला कळू नये म्हणून धडपडत राहतो.

गोमंतकात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा 1842 पासूनची आहे. आशिया खंडातील जुन्यांत जुन्या वैद्यकीय शाळांपैकी ती एक. येथून शिकून गेलेले डॉक्टर पोर्तुगीज अमलाखालील आफ्रिकेतही सेवा करून आले. या परंपरेला शोभेल असे काही करावयाचे तर त्यासाठी दिल्लीच्या आज्ञेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रवेशपरीक्षा आपल्या हाती नाही; प्रवेशाआधीचे आणि नंतरचे शिक्षण आपल्या हाती आहे. उच्च माध्यमिक विद्यालयांत प्रात्यक्षिके खरोखर होतात की नाही हे शिक्षण खात्याने वहीवरून न तपासता प्रयोगशाळेत जाऊन तपासावे. ग्रामीण तालुक्यांतील विद्यालयांत शनिवारी विज्ञान आणि गणिताचे गट-अभ्यास चालवावेत. त्यांत सोपे नव्हे, अवघड प्रश्न द्यावेत, आणि महाविद्यालयातील वरच्या वर्गाच्या मुलांना मानधन देऊन मार्गदर्शक नेमावे. वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्या सहामाहीत दर पंधरवड्याला लहान चाचणी घ्यावी, तिचे गुण कोठेही धरू नयेत, पण घसरलेल्याला आठवड्याच्या आत शिक्षकाने भेटावे. अध्यापकांच्या जागा करारावर न ठेवता कायम भराव्यात, म्हणजे खरा गुण देण्याची त्यांना भीती उरणार नाही. या सर्वाला नवी इमारत लागत नाही. थोडा पैसा लागतो आणि पुष्कळ चिकाटी लागते.

पालकांनाही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. मुलाला तीस गुण पडले तर शिक्षकाच्या दारात भांडावयास जाण्याआधी मुलाची वही उघडून पाहावी. आणि शिक्षकाने हाक मारून ‘हा कमी पडतो आहे’ असे सांगितले तर त्यात आपला अपमान मानू नये. ज्या मास्तराने वेळीच खरे सांगितले तो मुलाचा हितकर्ता होय. शिक्षकांनीही जाणावे की नापासांची संख्या ही आपल्या विषयाच्या प्रतिष्ठेची खूण नव्हे. निम्मा वर्ग बुडाला असे अभिमानाने सांगणारा नावाडी आम्ही कोठे पाहिलेला नाही.

डॉक्टरकीचा चढ अवघड आहे आणि तो अवघडच राहिला पाहिजे, कारण वर पोहोचणाऱ्याच्या हाती आपले प्राण द्यावयाचे आहेत. पण चढावर पायऱ्या खोदणे, मध्ये पाण्याची सोय करणे आणि घसरलेल्याला हात देणे हे ज्यांचे काम त्यांनी पायथ्याशी बसून घसरणाऱ्यांची नुसती मोजदाद करू नये. तसेच कोणी तक्रार केली म्हणून डोंगरच खणून सपाटही करू नये. न्यूयॉर्कने एका प्रकरणात दोन्ही चुका करून दाखविल्या. त्याच देशातील न्यू ऑर्लिन्सच्या एका लहानशा विद्यापीठाने तिसरी वाट दाखविली आहे. बांबोळीला जाणाऱ्या आमच्या मुलांसाठी यांतील कोणती वाट धरावयाची, हे ठरविणे मात्र आमच्या राज्यकर्त्यांच्या, शिक्षकांच्या आणि पालकांच्या हाती आहे.